कच्च्या रंगाची कैफियत

सोलापूरचा इतिहास लिहिणारे बहुधा सिद्धेश्वराच्या तळ्यापासून आरंभ करतात, भुईकोट किल्ल्याच्या तटाला एक फेरी घालतात, आणि मग गिरण्यांचे भोंगे, मजुरांचे संप, 1930 च्या मे महिन्यातील लष्करी कायदा व 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेले चार हुतात्मे, येथवर येऊन थांबतात. या क्रमात विणकराला स्थान मिळते, कारण माग डोळ्यांना दिसतो आणि कानांनाही ऐकू येतो. गिरणीमालकाला मिळते, कारण त्याच्या नावाची पाटी दारावर असते. परंतु त्या दोहोंच्या मध्ये उभा असलेला, कोपरापर्यंत हात रंगलेला रंगारी मात्र इतिहासाच्या दप्तरात क्वचितच सापडतो. विणलेल्या कापडावरून बोट फिरवणारा मनुष्य रंगाकडे पाहतो खरा, पण रंगाऱ्याला विसरतो. औषधांना दाद न देणाऱ्या रोगजंतूंवर प्रकाशाने चेतणाऱ्या रंगद्रव्यांचा उपाय करण्याची जी पद्धती अलीकडे वैद्यकात पुन्हा उचल खात आहे, तिचा वंशवृक्ष मांडू गेल्यास तो मात्र थेट रंगाच्या हौदापाशी येऊन पोचतो, आणि म्हणून या विसरलेल्या माणसाची गाठ घेणे भाग पडते. सोलापूरच्या रंगाऱ्याने ती पद्धती शोधली असा दावा कोणी करू नये. ती शोधली गेली म्युनिकला. पण रंग आणि ऊन या ज्या दोन गोष्टींच्या संयोगावर ती उभी आहे, त्या दोहोंचा जमाखर्च या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठेवला आहे, आणि त्या जमाखर्चात नुकसान म्हणून जे मांडले गेले तेच वैद्याच्या खात्यावर नफा म्हणून कसे चढले, ही कथा सोलापुरात बसून सांगण्याजोगी आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर जिल्ह्यावरील खंड 1884 साली प्रसिद्ध झाला. साहेबी अंमलदारांच्या शिरस्त्याप्रमाणे त्यात जातीपातींचा तपशील आहे, आणि त्या तपशिलात निराळी आणि रंगारी अशी दोन निरनिराळी मंडळी आढळतात. निराळ्यांचे काम निळीचे. बाकीचे रंग रंगाऱ्यांचे. तांबड्यासाठी आलीची मुळे, गुलाबी व केशरी छटांसाठी कुसुंब्याची फुले, पिवळ्यासाठी हळद, आणि रंग धाग्याला धरावा म्हणून हिरडा व तुरटी, अशी त्या काळच्या रंगकामाची सामग्री होती. या सामग्रीचे दोन वर्ग गिऱ्हाइकालाही ठाऊक होते: पक्के आणि कच्चे. नीळ पक्की, आल पक्की. कुसुंबा कच्चा, आणि हळद तर कच्च्याहून कच्ची. हळदीचा डाग पडलेला पांढरा सदरा धुऊन दोरीवर टाकला की दुपारपर्यंत तो डाग उन्हानेच जातो, हे ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरातील गृहिणीलाही माहीत असते. वर्षाकाठी पाऊस थोडा, आभाळ बहुतेक महिने निरभ्र, आणि चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर, अशा मुलखात रंगाचा व्यवहार करणे म्हणजे सूर्याशी करार करण्यासारखेच होते. आणि तो करार कच्च्या रंगाला कधीच मानवत नसे.

सोलापूरला रेल्वे पोचली 1860 साली, आणि शहरातील पहिली कापडगिरणी, जिला पुढे सारे गाव जुनी गिरणी म्हणून ओळखू लागले, ती 1874 साली नोंदली जाऊन 1877 साली चालू झाली. ते वर्ष दुष्काळाचे होते. योगायोग असा की त्याच 1877 साली इंग्लंडात डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला, ज्यात काढ्यासारख्या पोषक द्रवात वाढणारे जंतू सूर्यप्रकाशात ठेवले असता वाढत नाहीत, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हाइन्रिक कारो या जर्मन रसायनज्ञाने आदल्या वर्षी सिद्ध केलेल्या एका नव्या निळ्या रंगाचे पेटंट बीएएसएफ या कारखान्याला मिळाले. त्या रंगाचे नाव मेथिलिन ब्ल्यू. सोलापुरातील भोंगा, लंडनमधील निबंध आणि जर्मनीतील रंग यांची एकमेकांशी काडीचीही ओळख नव्हती. त्यांना एका ओळीत बसवण्याचा अधिकार फक्त पश्चात्‌बुद्धीला असतो, आणि इतिहासलेखक त्या बुद्धीवरच उपजीविका करतो.

दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या या जर्मन रंगांनी पुढच्या चाळीस वर्षांत हिंदुस्थानची बाजारपेठ व्यापली. आलीच्या मुळांची मिरास 1869 साली प्रयोगशाळेत बनलेल्या अ‍ॅलिझारिनने घालवली. 1897 साली बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि निराळ्यांच्या पिढीजात विद्येचा आधार निखळला. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा रंगाच्या डब्यांना सोन्याचे मोल आले, यावरून परावलंबन किती झाले होते त्याची कल्पना यावी. तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी मात्र या नव्या रंगांशी लवकर जमवून घेतले. सोलापुरी चादरीत सूत आधी रंगते व मग मागावर चढते, त्यामुळे विणकराच्या वाड्यात किंवा शेजारीच डाईंगची सोय असावी लागे. आणि मृत्यूला परतवून लावणाऱ्या मार्कंडेय ऋषीला आपला पूर्वज मानणारा हा समाज रंगाच्या बाबतीतही चिवट निघाला.

मेथिलिन ब्ल्यूला सुती धाग्यावर फार मोठी कारकीर्द लाभली नाही. रंगाऱ्यांच्या परिभाषेत तो बेसिक रंग; म्हणजे त्याच्या कणावर धन विद्युत्‌भार असतो, आणि सुताला तो स्वतः होऊन चिकटत नाही, त्याला मध्यस्थ म्हणून हिरड्यातील तुरट द्रव्याची खटपट करावी लागते. एवढे करूनही तो उन्हाला टिकत नाही. कापडाच्या बाजारात ज्याची पत बुडाली त्या रंगाला आश्रय दिला तो वैद्यांनी. रॉबर्ट कॉखने 1882 साली क्षयाचा जंतू प्रथम डोळ्यांना दाखवला तो याच रंगात बुडवून, आणि आजही सरकारी दवाखान्यात बेडका तपासताना सूक्ष्मदर्शकाखाली जे दृश्य दिसते, त्यात क्षयजंतू लाल आणि भोवतालचे मैदान निळे असते. ते निळेपण याच मेथिलिन ब्ल्यूचे. पाउल एर्लिकच्या मनात यावरून असा विचार आला, की जो रंग जंतूला नेमका धरतो तो त्याला मारूही शकेल, आणि 1891 साली त्याने व गुटमान यांनी बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रोग्यांना हाच रंग पोटात देऊन गुण आल्याचे प्रसिद्ध केले. औषधनिर्मितीच्या आधुनिक शास्त्राचा उगम येथे आहे असे मानतात, आणि ते मानणे रास्त आहे.

म्युनिकमधील प्रसंग याच्या नंतरचा. तेथे हर्मान फॉन टापाइनर या प्राध्यापकाच्या हाताखाली ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी 1897-98 च्या हिवाळ्यात अ‍ॅक्रिडिन हे रंगाच्या कुळातील द्रव्य पॅरामेशियम नावाच्या एकपेशीय जीवांना किती विषारी ठरते, याची मोजदाद करीत बसला होता. काम कंटाळवाणे: ठराविक तीव्रतेचे द्रावण करायचे, जीव त्यात सोडायचे आणि ते मरायला किती वेळ लागतो हे टिपायचे. परंतु एके दिवशीचे आकडे दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांशी जुळेनात. द्रावण तेच, जीव तेच, आणि मरणाचा वेळ मात्र कधी थोडा तर कधी कितीतरी अधिक. तपास करता त्याच्या ध्यानी आले की एका प्रयोगाच्या दिवशी वादळी हवा होती व खोलीत उजेड मंद होता. त्याने मग तेच द्रावण अंधारात आणि उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा अंधारातले जीव खुशाल राहिले आणि उजेडातले मेले. रंगाविना नुसत्या उजेडानेही ते मरत नव्हते. हा निबंध 1900 साली छापला गेला. टापाइनरने लगेच 1903 साली येसिओनेक यांच्या साहाय्याने त्वचेच्या विकारांवर इओसिन हा तांबडा रंग लावून उजेडात धरण्याचे प्रयोग केले, आणि 1904 साली योडलबाउअर यांच्यासह असे सिद्ध केले की या क्रियेला हवेतील ऑक्सिजनही लागतो. रंग, प्रकाश आणि प्राणवायू, या तिघांतून एक जरी गैरहजर राहिला तरी कार्य होत नाही. याच क्रियेला त्यांनी फोटोडायनॅमिक असे नाव दिले.

येथे आयुर्वेदाचे अभिमानी हात वर करतील, आणि त्यांना बोलू दिले पाहिजे. चरकाने श्वित्रावर, म्हणजे कोडावर, काकोदुंबराचा रस गुळासह पिऊन यथाशक्ति ऊन घ्यावे असे सांगितले आहे, आणि बावचीचे बी लावून उन्हात बसण्याचा प्रघात तर आपल्याकडे आजतागायत आहे. बावचीतील कार्यकारी द्रव्य सोरालेन हे 1933 साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनज्ञांनी वेगळे केले, आणि 1974 साली अमेरिकेत सोरायसिसवर याच वर्गातील औषध व अतिनील किरण यांची जोड लावण्यात आली. तेव्हा औषध देऊन उन्हाला कामाला लावण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे यात संशय नाही. तथापि कोड हा जंतूचा रोग नव्हे, आणि सोरालेन ज्या मार्गाने काम करते त्याला ऑक्सिजनची गरज लागत नाही. तेव्हा चरकाला थोरवी देताना म्युनिकचे श्रेय त्याच्या खात्यावर वर्ग करण्याचे कारण नाही. वैद्यकाचा इतिहास लिहिताना अशी खातेबदली आपल्याकडे फार होते.

आता सोलापुराकडे वळू, कारण या क्रियेची दुसरी बाजू येथे पाहावयास मिळते. 1901 साली रेने बोन या बीएएसएफच्याच रसायनज्ञाने इंडान्थ्रेन रंगांचा शोध लावला आणि त्यातून व्हॅट रंगांचे एक मोठे घराणे उदयास आले. धुण्याला आणि उन्हाला हे रंग इतके पक्के की चादर-टॉवेलच्या धंद्याने त्यांना डोक्यावर घेतले. त्यांची रीत निळीच्या हौदासारखीच आहे: रंगाची पूड पाण्यात विरघळत नाही, म्हणून कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइट घालून ती विरघळेल अशा रूपात आणावयाची, सुताच्या लड्या त्यात बुडवून खालीवर करावयाच्या, आणि मग हवेत टांगून मूळ रंग परत येऊ द्यावयाचा. पिवळ्या रंगाचा एक प्रकार असा आहे की हौदात तो गडद निळा दिसतो. नवखा मनुष्य चुकीचा डबा उघडला की काय म्हणून घाबरतो, आणि लडी बांबूवर चढल्यावर हवेच्या स्पर्शाने निळ्यातून पिवळा उमलताना पाहून थक्क होतो. परंतु या निर्दोष म्हणून गाजलेल्या घराण्यातही काही पिवळ्या आणि नारिंगी रंगांना एक खोड निघाली. त्यांनी रंगवलेले सुती कापड उन्हात वापरले गेले, खिडकीचा पडदा असो की अंगणात रोज वाळणारी चादर असो, तर रंग जसाच्या तसा राहतो आणि कापड मात्र विरते. शेजारचा निळा पट्टा घट्ट, हिरवा घट्ट, आणि पिवळ्या पट्ट्यात बोट घातले तर आरपार. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते ती सुताची. सूतवाला बोट दाखवतो धुणाऱ्याकडे. आणि खरा अपराधी रंग आपल्या जागी लखलखीत पिवळा राहून मौन धारण करतो. वस्त्ररसायनाच्या पंडितांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खोडीचा छडा लावण्यासाठी बरीच वर्षे घालवली.

छडा लागला तो असा. रंगाचा कण प्रकाश गिळतो तेव्हा तो क्षुब्ध अवस्थेत जातो. ही अवस्था सांभाळणे त्याला परवडत नाही. मिळालेली ऊर्जा कोठेतरी टाकावीच लागते. काही रंग ती क्षणार्धात उष्णतेच्या रूपाने सोडून देऊन मोकळे होतात, आणि नीळ ही या कलेत इतकी निष्णात आहे की दीर्घकाळ उन्हात राहूनही ती स्वतः सहजी विटत नाही आणि कापडालाही धक्का लावत नाही. परंतु काही रंगांना ऊर्जा अशी चटकन टाकता येत नाही. ते क्षुब्ध स्थितीत जरा अधिक काळ रेंगाळतात आणि तेवढ्यात जवळून जाणाऱ्या ऑक्सिजनच्या कणाला ती ऊर्जा देऊन टाकतात. असा चेतलेला ऑक्सिजन, ज्याला रसायनज्ञ सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात, अतिशय दाहक असतो. पाण्यात त्याचे आयुष्य सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकेच, आणि तेवढ्या आयुष्यात तो केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्साही चालून जात नाही, पण वाटेत जे सापडेल ते जाळतो. रंग सुतात असेल तर सूत जळते. रंग जंतूच्या अंगाला चिकटलेला असेल तर जंतू जळतो. पिवळ्या पट्ट्याचे विरणे आणि राबच्या भांड्यातील जीवांचे मरणे यांच्या मुळाशी ही ऊर्जेची एकच अफरातफर आहे.

यावरून एक चमत्कारिक न्याय दिसून येतो. निराळ्यांची नीळ रंग म्हणून सर्वश्रेष्ठ, आणि या उपचाराच्या कामी अगदी निरुपयोगी. मेथिलिन ब्ल्यू रंग म्हणून कच्चा, आणि औषध म्हणून अग्रगण्य. इओसिन, रोज बेंगाल हे झगझगीत तांबडे रंग उन्हात पटकन उडतात. वैद्य त्यांनाच शोधतो. आणि उन्हात डाग न टिकणारी हळद, जिचा व्यापार शेजारच्या सांगलीत एवढा मोठा चालतो, तिच्यातील कर्क्युमिनवर निळा प्रकाश टाकून जंतू मारण्याचे प्रयोग आज देशोदेशीच्या प्रयोगशाळांत चालू आहेत. पक्केपणाच्या परीक्षेत जे नापास झाले त्यांतलेच पुष्कळसे इथे उत्तीर्ण होतात. सगळेच होतात असे मात्र नाही. कुसुंबा कच्चा असूनही या यादीत त्याचे नाव फारसे आढळत नाही.

प्रकाशोपचाराचे दिवस एकेकाळी मोठ्या थाटाचे होते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला त्वचेच्या क्षयावर प्रखर दीपाचा उपचार केल्याबद्दल 1903 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि युरोपात ठिकठिकाणी सूर्यस्नानाची आरोग्यधामे निघाली. या लाटेचा एक शिंतोडा आपल्याकडेही पडला. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह, ज्यांना जग क्रिकेटचे रणजी म्हणून ओळखते, त्यांनी पॅरिसच्या डॉ. जाँ सैदमन यांच्या सल्ल्याने जामनगरात 1933 च्या सुमारास एक फिरते सोलॅरियम उभारले. उंच मनोऱ्याच्या माथ्यावर खोल्यांची रांग, आणि ती सूर्याबरोबर दिवसभर फिरत राहणार, अशी ती अद्भुत योजना होती. सोलापूरकराने हे नाव ऐकताच कान टवकारावेत, कारण 1907 साली स्थापन झालेली आपली जाम मिल, म्हणजे जामश्री रणजितसिंहजी गिरणी, हेच नाव मिरवत असे. एकाच राजाचे नाव एका गावी सुतावर आणि दुसऱ्या गावी सूर्यावर कोरले गेले.

हा थाट ओसरला तो औषधांच्या प्रतापाने, आणि ते औषधही रंगाच्याच पोटी जन्माला आले, हे विशेष. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत गेरहार्ट डोमाकने 1935 साली प्रॉन्टोसिल नावाचा एक लाल रंग जंतुनाशक म्हणून जाहीर केला. परंतु त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले की यात गुण आहे तो रंगाचा नव्हे. शरीरात रंगाचा कण तुटतो व त्यातून निघणारे सल्फानिलमाइड हे बिनरंगी द्रव्य जंतूंची वाढ रोखते. त्या दिवसापासून औषधाने रंगाचा संग सोडला. पुढे पेनिसिलिन आले, आणि उजेडाचे दिवे, चष्मे, मलमे यांची दगदग कोणाला नको झाली असेल तर त्यात नवल नाही. सुई टोचली की काम झाले.

सुईच्या आधीचे जग कसे होते हे सोलापूरकराला एका नावावरून आठवावे. येथेच 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथील युद्धआघाडीवर काम करणारे कॅनडाचे निष्णात शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन 12 नोव्हेंबर 1939 रोजी मरण पावले, आणि त्यांच्याच नावे चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा 1941 साली कोटणीसांच्या खांद्यावर आली. जगातील उत्तम शल्यवैद्यांपैकी एक, आणि बोटाच्या जखमेने गेला. पेनिसिलिनच्या पूर्वीचे वैद्यक एवढे दुबळे होते. म्हणून 1954 साली पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला तेव्हा एका पिढीला रोगजंतूंचा कायमचा बंदोबस्त झाला असे वाटले, यात तिचा दोष नव्हता. फ्लेमिंगने 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेने जंतू मुरतील, असा इशारा देऊन ठेवला होता. तो दप्तरदाखल झाला.

रंग मात्र अगदीच हद्दपार झाले नाहीत. शाळेच्या कपाटातील प्रथमोपचाराची पेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना लाल औषध, जांभळे औषध आणि पिवळे औषध आठवत असेल. गुडघा फुटला की लाल, तोंड आले की जांभळे, भाजले की पिवळ्या औषधात भिजवलेली जाळीदार पट्टी. यांतील लाल ते मर्क्युरोक्रोम, इओसिनच्या गणगोतातले. जांभळे ते जेन्शियन व्हायोलेट. आणि पिवळे ते अ‍ॅक्रिफ्लाविन, राबने ज्यावर प्रयोग केले त्या अ‍ॅक्रिडिनच्याच घराण्यातले. मास्तरांनी कापसाचा पांढरा बोळा फिरवताना आपण डांबरी रंगांचे प्रदर्शन हाताळतो आहोत, याची जाणीव त्यांना किंवा रडणाऱ्या मुलाला असण्याचे कारण नव्हते.

मग जंतू मुरले. पेनिसिलिनच्या पुढची मजल म्हणून आलेल्या मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस 1961 साली, म्हणजे ते औषध आल्यावर दोन वर्षांच्या आत, इंग्लंडात सापडला. 2008 साली आढळलेल्या एका प्रतिकारक एन्झाइमला तर नवी दिल्लीचे नाव चिकटले आणि आपल्या देशात मोठा गदारोळ झाला; नाव चिकटवणे अनुचित होते, पण दुखणे खोटे नव्हते. 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला. या पेचातून वाट शोधताना वैद्यांनी जुनी दप्तरे उलगडली, आणि टापाइनरचे पान पुन्हा वर आले.

त्याचे कारण उघड आहे. अँटिबायॉटिक बहुधा जंतूच्या एखाद्या नेमक्या कळीवर बोट ठेवते. जंतूने ती कळ बदलली की औषध वाया जाते. चेतलेला ऑक्सिजन कळ शोधत बसत नाही. तो आवरणातील स्निग्धांश, प्रथिने, केंद्रकाम्ले, जे हाताशी येईल त्यावर एकाच वेळी तुटून पडतो, आणि म्हणून जंतूला त्याच्याविरुद्ध एखादी युक्ती शिकून घेणे फार अवघड जाते. मेथिसिलिनला पुरून उरलेला जंतू आणि साधा जंतू या दोघांना तो सारखाच लेखतो. परंतु सुरुवातीच्या प्रयोगांत एक अडचण आली: काही जंतू, ज्यांना ग्राम-निगेटिव्ह म्हणतात, त्यांना बाहेरून एक जादा कवच असते, आणि ऋणभाराचे रंग त्या कवचापाशी अडखळत. 1990 नंतरच्या दशकात असे दिसून आले की धनभाराचे रंग वापरले तर हे कवचही भेदले जाते, कारण कवचाच्या पृष्ठावर ऋणभार असतो. म्हणजे पुन्हा गाठ पडली ती मेथिलिन ब्ल्यूची, ज्याला सुतावर बसवण्यासाठी सोलापूरच्या रंगाऱ्याला हिरड्याची मनधरणी करावी लागत असे. जंतूच्या अंगावर तो विनामध्यस्थ बसतो.

कॅनडातील वँकुव्हरच्या मुख्य रुग्णालयात 2011 पासून मोठ्या शस्त्रक्रियांच्या आधी रोग्याच्या नाकपुड्यांत मेथिलिन ब्ल्यू लावून लाल प्रकाश सोडण्याचा आणि अंग जंतुनाशक पट्ट्यांनी पुसण्याचा उपक्रम सुरू झाला, कारण नाकात वस्ती करणारा स्टॅफिलोकॉकसच पुष्कळदा टाक्यांत उतरतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे शस्त्रक्रियेच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा 2.7 वरून 1.6 वर आले. ही तुलना मागील वर्षांच्या रोग्यांशी होती, आणि पट्ट्यांचा वाटा किती व प्रकाशाचा किती हेही तीतून निराळे निघत नाही, ही गोष्ट नजरेआड करू नये. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांनी हरितद्रव्यापासून मिळवलेल्या क्लोरिन पी-6 या द्रव्याला धनभार जोडून, प्रतिकारक जंतूंनी चिघळलेल्या उंदरांच्या जखमांवर प्रयोग केले. आणि हिरड्यांच्या विकारांवर रंग व लेसर यांची जोड लावण्याचे काम देशातील अनेक दंत महाविद्यालयांत झाले आहे.

याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. लाल प्रकाश मांसात काही मिलिमीटरच शिरतो. तेव्हा रक्तात पसरलेला विकार, फुफ्फुसाच्या गाभ्यातील दाह, हाडात मुरलेला पू, यांपर्यंत याचा हात पोचत नाही. दाट पुवात ऑक्सिजन नसतो, म्हणून आधी जखम साफ केल्याखेरीज रंग ओतणे व्यर्थ. उपचार संपला की परिणामही संपतो. उरलेले जंतू दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढू लागतात. रक्तातून रंग द्यावयाचा तर आणखी एक संकट. फ्रीड्रिक मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने 1912 साली हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्या शिरेत टोचून घेतले आणि उन्हात जाताच त्याचा चेहरा ओळखू येईनासा सुजला. कर्करोगावर हा उपचार घेणाऱ्यांना आजही कित्येक आठवडे ऊन टाळावे लागते. सोलापूरच्या रोग्याला वैशाखात ऊन टाळा म्हणून सांगणे हे डॉक्टरला सोपे आहे. जखमेवर वरून लावलेल्या रंगाला ही बाधा नाही, आणि म्हणून या पद्धतीचे भवितव्य पाहावयाचे ते त्वचा, तोंड, नाक आणि न भरणाऱ्या जखमा येथेच.

सोलापुरात 1963 पासून डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच्याशी संलग्न असलेल्या, ज्याला सारा जिल्हा नुसते सिव्हिल म्हणतो, त्या रुग्णालयात शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडूनही रोगी येतात. प्रकाशाने उपचार होतो ही कल्पना अशा रोग्यांना नवी नाही. कावीळ झालेल्या तान्ह्या मुलाला काचेत, निळ्या दिव्याखाली ठेवल्याचे प्रत्येक घराने एकदा तरी ऐकलेले असते. मधुमेह्याच्या पायाची जखम, जी महिनोन्‌महिने ओली राहते आणि जिच्यात प्रतिकारक जंतू ठाण मांडून बसतात, तिच्यापासून आरंभ करावा असे आम्हास वाटते. रंग स्वस्त आहे, लाल दिवाही आता महाग राहिलेला नाही. महाग आहे ती मात्रा ठरवण्याची कटकट. आजवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एकाने रंग वापरला एका तीव्रतेचा, दुसऱ्याने दुसऱ्या. कोणी उजेड पाच मिनिटे दिला, कोणी वीस. दिव्याची शक्ती कोणी मोजली, कोणी मोजलीच नाही. आणि त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या शेजारी ठेवून पाहता येत नाही. ही मोजदाद ठरवण्यासाठी उद्या एखादी समिती नेमली गेलीच, तर तिच्यात वैद्य आणि पदार्थवैज्ञानिक यांच्या जोडीला एखादा जुना डाईंगवाला सभासद घ्यावा, अशी सूचना आम्ही पूर्ण गांभीर्याने करतो. एकाच डब्यातील रंग, एकाच विहिरीचे पाणी आणि तेच हात असताना दोन लड्यांच्या छटेत फरक का पडला, याचा जाब देण्यातच त्याचे आयुष्य गेलेले असते.